आइसलँडला विद्यार्थी न्यायचे असतील, तर आधी दिवे घाट

एका महाविद्यालयातल्या भूगोल आणि पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा प्रश्न विचारला आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना मे महिन्याच्या अखेरीस दहा दिवस आइसलँडला न्यायचं ठरतंय. प्रवास कंपनीने कार्यक्रम आखून दिलाय आणि त्यात रोज चार-पाच ठिकाणं आहेत. सरांच्या शंका दोन. एवढ्या धावपळीत मुलं खरंच काही शिकतील का? आणि सह्याद्री दारात असताना इतका खर्च करून तिकडे जायचंच कशाला?

सर, दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते. तिचं उत्तर नीट मिळालं की पहिलीचं निम्मं काम होऊन जातं.

आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थर एकावर एक साचले, थंड झाले, नद्यांनी कापले, झिजून काळी माती झाली. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो उरलाय. आपली मुलं घाटात उभी राहतात तेव्हा त्यांच्यापुढे सगळं घडून गेलेलं असतं. भेग कशी उघडली, लाव्हा कसा पसरला, दोन उद्रेकांमध्ये काय झालं, हे त्यांना पुस्तकातून मान्य करावं लागतं. आइसलँडमध्ये तोच बेसाल्ट अजून तयार होतोय. ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव १० नोव्हेंबर २०२३ ला रातोरात रिकामं करावं लागलं आणि डिसेंबरपासून त्याच्या शेजारी पुन्हा पुन्हा भेगा उघडून लाव्हा वाहिला. आपल्या खडकाचं तरुणपण बघायला मिळतं, हे मला तिकडे जाण्याचं सगळ्यात भक्कम कारण वाटतं. नुसता बर्फ दाखवायचा असेल तर हिमालय जवळ आहे, आणि तिथे शिकण्यासारखं भरपूर आहे.

म्हणून माझी पहिली अट अशी की ज्याने पुण्याजवळचा दिवे घाट वहीत उतरवलेला नाही, त्याने विमानात बसू नये. जायच्या आधीच्या हिवाळ्यात मुलांना घाटात न्या आणि लाव्हाचे थर खालून वर मोजायला लावा. प्रत्येक थराच्या तळाशी, मध्ये आणि माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या कशा बदलतात ते काढू द्या. पोकळ्यांत भरलेली गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं भिंगातून बघू द्या. दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसेल, त्यावर एक अख्खी सकाळ घालवा. ती जुनी माती आहे का? वरच्या लाव्हाने भाजली का? राख आहे का? तिथेच उत्तर सांगू नका. शक्य असेल तर धुळे-नंदुरबारकडे एक फेरी करा. शेतांमधून मैलोन्‌मैल गेलेल्या काळ्या भिंतींसारख्या डाइक तिथे दिसतात. एकेकाळच्या उघड्या भेगांत लाव्हा गोठून त्या झाल्या आहेत. परतताना प्रत्येक मुलाच्या वहीत असा एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर त्याला घाटात सापडलं नाही. ते प्रश्न घेऊन आइसलँडला जायचं.

आता कार्यक्रमाबद्दल. रोज चार-पाच ठिकाणं हा पर्यटकांचा हिशेब आहे. मुलं बसमध्ये झोपतात, उतरून फोटो काढतात, पुन्हा झोपतात. दहा दिवसांत मुक्कामाच्या जागा दोनच ठेवा. एक राजधानीच्या आसपास आणि एक दक्षिण किनाऱ्यावर, एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखी ते विक गाव या पट्ट्यात. कामं तीन निवडा आणि प्रत्येकाला दोन-तीन दिवस द्या. पहिल्या दिवशी काढलेला निष्कर्ष दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून खोडता आला पाहिजे. खरं शिक्षण त्या दुसऱ्या दिवशी होतं, असा माझा अनुभव आहे.

पहिलं काम हिमनदीचं. सोल्हेमायोकुल ही कात्ला ज्वालामुखीवरच्या मोठ्या हिमटोपीतून उतरणारी जीभ आहे आणि हमरस्त्यापासून फार लांब नाही. आइसलँडमध्ये स्वयंसेवक १९३० पासून हिमनद्यांच्या टोकांची जागा मोजत आलेत. याच हिमनदीवर जवळच्या ह्वोल्सवोलूर गावातल्या शाळेची मुलं २०१० पासून दर शरद ऋतूत मोजमाप करतात. त्यांनी सुरुवात केली तेव्हा जिथे बर्फ होता तिथे आता तलाव झालाय. आपल्या पदवीच्या मुलांना हे कळतं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी जमवलेली आकडेवारी समोर असते आणि ती चांगली असते.

मुलांना वाहनतळापासून बर्फाच्या टोकापर्यंत चालत न्या आणि वाटेतली हिमनदीने मागे सोडलेली प्रत्येक गोट्यांची, चिखलाची वरवंडी जीपीएसवर टिपायला लावा. कोणत्या वरवंडीवर शेवाळ आलंय, कोणती उघडी आहे, दगडांच्या कडा कुठे धारदार आहेत आणि कुठे गोलावल्या आहेत, हे सगळं वहीत आलं पाहिजे. संध्याकाळी मुक्कामावर जुनी उपग्रहचित्रं आणि टोकाच्या नोंदींचा आलेख द्या. इथे मुलं अडखळतात, आणि तसं अडखळायलाच हवं. आलेखात १९३० नंतर हिमनदी मागे जाताना दिसते, पण १९७० च्या सुमारास ती पुढे यायला लागते आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत काही शे मीटर पुढे येते. मग पुन्हा मागे, आणि या वेळी फार वेगाने.

‘हवामानबदलाने हिमनद्या वितळतात’ एवढं भित्तिपत्रकावरचं वाक्य घेऊन आलेली मुलं हा आलेख बघून गोंधळतात. कुणी म्हणतं, मग बदल खोटा का? कुणी म्हणतं, आलेखच चुकलाय. त्यांना भांडू द्या. मग त्या काळातले दक्षिण आइसलँडच्या उन्हाळ्यांचे तापमानाचे आकडे समोर ठेवा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत तिथले उन्हाळे उबदार होते, साठीनंतर ते गार झाले, नव्वदीनंतर पुन्हा तापले. अशी तीव्र उताराची, चपळ हिमनदी थोड्याच वर्षांत त्याला प्रतिसाद देते. एका हिमनदीची चाल वाचताना स्थानिक हवामान, बर्फाचा पुरवठा आणि उतार हे सगळं धरावं लागतं. सगळ्या हिमनद्या एकाच वेळी मागे जायला लागतात तेव्हा मात्र कारण मोठं असतं. हे मुलं स्वतः ओढून काढतात. ज्याने हे एकदा केलं त्याला कुठलाही सोपा दावा, मग तो कुठल्याही बाजूचा असो, सहज पटत नाही.

बर्फावर चढायचं ते फक्त परवानाधारक वाटाड्याबरोबर, बुटांना काटे लावून. बर्फात राखेचे काळे पट्टे दिसतील. राखेचा पातळ थर ऊन शोषून बर्फ वितळवतो, जाड थर उलट बर्फाला झाकून वाचवतो. हेही मोजता येतं. काळ्या सुळक्यांची उंची आणि त्यावरच्या राखेची जाडी, बस्स.

दुसरं काम मातीचं, आणि यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. सहसा कुणी ते करत नाही. आइसलँडमध्ये माणसं नवव्या शतकाच्या उत्तरार्धात वसली. तेव्हा देशाचा साधारण पाव ते दोन-पंचमांश भाग बर्चच्या झुडपी रानाखाली होता असा अंदाज आहे. जळण, कोळसा आणि मेंढ्या यांपायी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते रान एक टक्क्याच्या आसपास आलं. झाड गेलं, मग माती वाऱ्यावर गेली. पर्यावरणशास्त्राच्या मुलांना हा इतिहास तारखांसकट जमिनीत वाचता येतो. हेक्ला, कात्ला या ज्वालामुखींच्या उद्रेकांच्या राखेचे थर मातीत जागच्या जागी पडलेत आणि त्यातल्या पुष्कळांची वर्षं नोंदलेली आहेत. वस्तीच्या सुरुवातीचा एक थर ८७० च्या दशकातला आहे. दक्षिणेत वरच्या बाजूला कात्लाचा १९१८ चा काळा थर पुष्कळ ठिकाणी मिळतो. सिगुर्दुर थोरारिन्सन या भूवैज्ञानिकाने राखेवरून काळ ठरवण्याची ही पद्धत तिथे उभी केली.

खड्डा खणायची गरज नाही. वाऱ्याने कुरतडलेले मातीचे उभे कडे जागोजागी उभे असतात. शेतमालकाची परवानगी काढा, थापीने कड्याचा तोंडचा हातभर भाग साफ करा आणि मीटरपट्टी लावा. कोणते थर कुठे मिळतील हे जागेवर अवलंबून असतं, म्हणून स्थानिक भूवैज्ञानिकाला सोबत घ्या. मग हिशेब सोपा आहे. दोन ओळखीच्या थरांमधली मातीची जाडी मोजायची आणि मधल्या वर्षांनी भागायची. वस्तीच्या थराखाली माती सावकाश साचत होती, वर तो वेग वाढतो, कारण आसपासची उघडी पडलेली जमीन उडून इथे येऊन पडतेय. वाढलेला आकडा बघून मुलं आधी खूश होतात, ‘माती वाढली’ म्हणतात. ती कुणाच्या जमिनीतून आली हे विचारलं की गप्प होतात.

याच कामाला जोडून ल्युपिनचं फूल दाखवा. जून सुरू झाला की दक्षिणेत निळ्या-जांभळ्या पट्ट्या दिसायला लागतात. अलास्कातली ही वनस्पती १९४५ मध्ये उजाड जमीन सावरायला आणली. तिने नत्र धरला, वाळू थांबवली, आणि आता ती मूळच्या शेवाळावर आणि झुडपांवर चढतेय. तिला ठेवायचं की उपटायचं यावर तिथे आजही वाद आहे. मुलांचे दोन गट करा आणि दोन्ही बाजू त्यांना मांडू द्या. आपल्याकडे ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावताना ही चर्चा फार कमी झाली, म्हणून मला हा तास महत्त्वाचा वाटतो.

राखेवरून काळ वाचणं ही आइसलँडची मक्तेदारी नाही, हेही मुलांना सांगा. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरीजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाचा की त्याहून जुना, यावर अभ्यासकांत मतभेद झाले आहेत, आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारंही सापडली आहेत. दिवे घाटाच्या फेरीला हा एक दिवस जोडा. मग आइसलँडमधला कडा साफ करताना मुलांचा हात सरावलेला असतो.

तिसरं काम हेल्लिशेडीच्या भूऔष्णिक वीजकेंद्रापाशी. तिथे कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह त्याच्याशी संयोग पावून कार्बोनेट खनिजं बनतात. सुरुवातीच्या प्रयोगात सोडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग दख्खनमध्ये का नाही? त्यांना स्वतः विचार करू द्या. आपला बेसाल्ट जुना आहे, त्याच्या पोकळ्या झिओलाइट आणि कॅल्साइटने आधीच भरलेल्या आहेत. दिवे घाटात भिंगाखाली जे पांढरे ठिपके बघितले, तेच इथे आडवे येतात. आणि त्या पद्धतीत एक टन वायू विरघळवायला त्याच्या वीसपटीहून जास्त पाणी लागतं. मराठवाड्यातून आलेला एखादा विद्यार्थी तो आकडा ऐकून जे प्रश्न विचारतो, ते तिथल्या अभियंत्यांनाही ऐकायला आवडतात.

थिंगवेल्लिरच्या खचदरीला अर्धा दिवस पुरे, पण तिथे एक गैरसमज आवर्जून काढा. एक भिंत अमेरिका आणि समोरची युरोप, मध्ये हात पसरून फोटो, असं वाटाडे सांगतात. प्रत्यक्षात खचदरी काही किलोमीटर रुंद आहे आणि सीमा म्हणजे भेगांचा एक अख्खा पट्टा आहे. भूपट्ट सरासरी वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर दूर जातात, पण दरवर्षी गुपचूप तेवढेच सरकतात असं नाही. शतकभर ताण साचतो आणि एकदम सुटतो. १७८९ च्या भूकंपांत त्या दरीचा तळ मीटरभराहून जास्त खचला. भेगांची रुंदी टेपने मोजून बेरीज करा, लाव्हाच्या वयाने, म्हणजे साधारण दहा हजार वर्षांनी भागा, आणि पुस्तकातल्या दोन सेंटीमीटरशी ताडून बघा. आकडा कमी येतो. का, यावर बसमध्ये दोन तास सहज जातात. आणि धुळ्याच्या डाइक ज्यांनी बघितल्यात ते इथे उभे राहिले की त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

लाकी या ज्वालामुखीच्या भेगेपर्यंतचा रस्ता मे महिन्यात बंद असतो, पण तिचा लाव्हा हमरस्त्यावरच लागतो, जाड करड्या शेवाळाने झाकलेला. १७८३ मध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली, आठ महिन्यांत सुमारे १४ घन किलोमीटर लाव्हा आणि १२ कोटी टनांच्या आसपास गंधकवायू बाहेर पडला. जनावरं मेली, दुष्काळ पडला, देशातली साधारण पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनमधले मोठे प्रवाह एकेक हजार घन किलोमीटरच्या पलीकडचे मानले जातात. त्या शेवाळाच्या कडेला उभं राहून हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायला लावा. शेवाळावर पाऊल मात्र कुणीही ठेवायचं नाही, ते भरून यायला कित्येक दशकं लागतात.

आता थोडं व्यवहाराचं. आपली मुलं होकायंत्र वापरताना चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक सोडून देतात, कारण महाराष्ट्रात तो जवळपास शून्य आहे. आइसलँडमध्ये तो पश्चिमेकडे दहा अंशांच्या घरात आहे. तो न धरता काढलेल्या भेगांच्या दिशा चुकतात. त्यात बेसाल्ट स्वतः चुंबकीय असल्यामुळे खडकाला टेकवून वाचन घेतलं तर सुई भलतीकडे वळते, म्हणून दोन पावलं मागे उभं राहून वाचायची शिस्त इथेच घाटात लावा. हातोडे बहुधा घरीच ठेवा. संरक्षित जागी दगड फोडायला आणि उचलायला मनाई आहे, आणि पाहणीसाठी भिंग पुरतं. आधी वही, मग कॅमेरा, हा नियम पहिल्या तासापासून पाळा. पावसात शाई पसरते, पेन्सिल टिकते. रात्री अकराला लख्ख उजेड असतो, त्यामुळे मुलं झोपत नाहीत आणि चौथ्या दिवशी गळून जातात. खोल्यांचे पडदे तुम्हीच ओढा.

सुरक्षेत तडजोड नको. रेनिसफ्यारा या समुद्रकिनाऱ्याच्या काळ्या वाळूवर अचानक आत घुसणाऱ्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. बेसाल्टचे खांब लांबून बघा, पाण्याकडे पाठ कधीच नको. उकळत्या चिखलाच्या जागी कवच पातळ असतं, आखलेल्या वाटेबाहेर पाय नको. नव्या लाव्हाजवळ खोलगट जागेत वायू साचतो. वाऱ्यात गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. हवामान खात्याचा इशारा आला की त्या दिवसाचा कार्यक्रम रद्द, आणि हे मुलांना व पालकांना जायच्या आधीच सांगून ठेवा. तिथली बचावपथकं स्वयंसेवकांची आहेत. आपल्या हट्टापायी त्यांना वादळात बाहेर काढणं बरं नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ज्यांना परवडतं तीच मुलं जातात आणि वर्गात दोन जाती पडतात. शिष्यवृत्तीची सोय करा, पण ती सगळ्यांना पुरणार नाही. म्हणून वर्गाचे जोड लावा. न जाणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवे घाटातला प्रश्न जाणाऱ्याने घेऊन जायचा आणि तिथली मोजमापं रोज रात्री पाठवायची. घरी राहिलेल्याने त्याच आठवड्यात त्याच पद्धतीने घाटात मोजायचं. प्रकल्प दोघांच्या नावावर, गुणही दोघांना सारखे. विमानप्रवासाने किती कार्बन सोडला याचा हिशेब मुलांनीच जायच्या आधी करावा आणि अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावा.

प्रवास कंपनीला गाडी, मुक्काम आणि व्हिसाची कागदपत्रं एवढंच काम द्या. शेंगेन व्हिसाला उन्हाळ्यात गर्दी असते, त्यामुळे अर्ज लवकर टाका. ह्वोल्सवोलूरच्या शाळेला आणि आइसलँड विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला आत्ताच पत्र लिहा. शाळेला लिहिताना तुमच्या मुलांनी दिवे घाटात काढलेल्या रेखाटनांच्या प्रती जोडा.